फिरवतंय कोण ते आधी बघा: गावच्या मुंबई मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मुंबई मंडळाची कमिटी, गावचे मानकरी आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरचे सगळे दादा-वहिनी,

नमस्कार.

गेल्या रविवारी देवळात मीटिंग झाली तिला मी होतो. मागे खांबाला टेकून उभा होतो. प्रोजेक्टरवर व्हिडिओ लागला, ते मोठं फ्लायव्हील म्हणजे जड चाक फिरायला लागलं, दहा बल्ब पेटले आणि तो मशीनवाला माणूस म्हणाला की आता इथून पुढे हे मशीन स्वतःच स्वतःला चालवणार, ना डिझेल ना लाइट बिल, आणि आपण सगळ्यांनी अशा माना हलवल्या की जसं काही गाऱ्हाणं चाललंय आणि आपल्याला फक्त ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचंय. मी हात वर केला तर पुढून कोणीतरी बोललं, ह्याचा मोटरी भरायचा (वाइंडिंगचा) धंदा बसेल म्हणून हा बोलतोय. सगळे हसले, मीपण हसलो आणि गप्प बसलो. ते चुकलंच माझं. तेव्हा जे पोटात राहिलं ते आता लिहितोय, लांबेल थोडं, चहा घेऊन बसा.

आधी व्यवहाराचं. टाकीच्या दुरुस्तीला म्हणून दोन वर्षं वर्गणी काढली, चाकरमान्यांनी शिफ्टा करून कमावलेले पैसे आहेत ते, त्यातले ४ लाख ८० हजार या ‘विनाइंधन जनरेटर’ला द्यायचे, निम्मे आगाऊ आणि निम्मे मशीन बसल्यावर. मशीनचं झाकण उघडायचं नाही कारण आत गुपित आहे. त्यावर विहिरीचा ५ एचपीचा पंप चालणार, पाणी वरच्या टाकीत चढणार, बिल शून्य. असं ऐकून कोणाला नको वाटेल? मलाही हवंच आहे. तीस वर्षांपूर्वी तर इतकं हवं होतं की मी ते स्वतः करायला बसलो होतो.

हे गावात फार कोणाला माहीत नाही म्हणून सांगतो. १९९३ साल. आयटीआय करून नुकता घरी आलो होतो, डोक्यात हवा. सायकलची एक जुनी रिम घेतली, तिच्यावर पीव्हीसी पाइपचे बारा तुकडे तिरपे बांधले आणि प्रत्येकात बेअरिंगचे छर्रे टाकले. डोकं असं की चाक फिरताना एका बाजूचे छर्रे बाहेर घरंगळत जाऊन लांबून भार देतील, दुसऱ्या बाजूचे आत सरकतील, म्हणजे ती बाजू हलकी, म्हणजे चाक कायम एकाच बाजूला कलणार आणि फिरतच राहणार. पडवीत टांगलं आणि हाताने फिरवलं. काय आवाज यायचा त्याचा, खुळखुळ्यासारखा! घड्याळ लावलं तर एक मिनिट चाळीस सेकंदांनी थांबलं. तेल घातलं, छर्रे कमी केले, जास्त केले, तेच. मग वैतागून सगळे पाइप काढून टाकले आणि नुसती रिम तेवढ्याच जोराने फिरवली, तर ती तीन मिनिटांच्या वर फिरली. म्हणजे माझा जो काय शोध होता तो चाकाला फिरवत नव्हता, थांबवत होता.

का ते मला नंतर कागदावर टिंबं काढली तेव्हा कळलं. बाहेरच्या बाजूला छर्रे लांब असतात हे खरं, पण त्या बाजूला कुठल्याही क्षणी पाइप कमी असतात. आतल्या बाजूला छर्रे आसाजवळ, पण तिथे पाइप जास्त. थोडे लांबून ओढतात, जास्त जवळून ओढतात, हिशेब बरोबरीत सुटतो. वर छर्रा पाइपच्या टोकाला आपटतो तेव्हा जो टक्क आवाज येतो तो फुकटचा नाही, तो चाकाच्याच वेगातून जातो.

पण मी एवढ्यावर थांबलो नाही. पुढची अक्कल अशी की बाबांच्या वाडीतली २ एचपीची मोटर घ्यायची, पट्ट्याने भंगारातला एक अल्टरनेटर, म्हणजे फिरवला की वीज देणारा, तो फिरवायचा, आणि अल्टरनेटरची वायर चेंजओव्हर स्विचमधून परत मोटरला द्यायची. सुरुवात लाइटवर, मग स्विच फिरवला की मोटर अल्टरनेटरवर आणि अल्टरनेटर मोटरवर. रविवारी देवळात जे दाखवलं ते नेमकं हेच आहे, फक्त त्यात एक जाड चाक जास्त आहे आणि रंग चांगला दिलाय. मी स्विच फिरवला की मोटर हूं करून खाली बसायची, तीन-चार सेकंद. मला वाटायचं स्विच हळू पडतोय. म्हणून परत लाइटवर चालू, परत फिरव, परत चालू. पंचवीसेक वेळा केलं असेल. आता रोजच्या धंद्यात मीच लोकांना सांगतो की मोटर चालू होताना पाच-सहा पट करंट खाते, सारखी चालू-बंद करू नका, पण तेव्हा कोण सांगणार. शेवटी व्हार्निश जळाल्याचा तो वास आला, ज्याला एकदा आला तो आयुष्यभर विसरत नाही, आणि मोटर संपली.

एप्रिल महिना. वाडीत नारळ-पोफळी, दोन दिवसांआड शिंपणं हवंच. बाबा काही बोलले नाहीत, आजोबापण बोलले नाहीत. त्यांनी माडीवरून काथ्याचा दोर काढला, विहिरीवरच्या जुन्या पायरहाटाची माळ नवीन बांधली, फुटकी मडकी बदलली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सत्तरीचा माणूस फळीवर बसून पायाने रहाट मारायला लागला. मोटर भरून यायला अकरा दिवस लागले. अकरा दिवस रोज पहाटे मी ते करकर ऐकत अंथरुणात पडायचो आणि मग उठून त्यांच्या जागी बसायचो, अर्ध्या तासात मांड्या भरून यायच्या. एकदा मी त्यांना आपलं उगीच म्हटलं की माझं चाक नीट जमलं असतं ना तर हे करावं लागलं नसतं. तर खाली उतरता उतरता बोलले, “अरे झिला, चाक आपल्या आपण फिराक लागलां तर माझे पाय कित्याक झिजतले? फिरयता कोण ता बघ आधी.”

ते वाक्य मी धंद्यात धरून ठेवलंय. मशीन कसलंही येऊ दे, फिरवतंय कोण ते बघायचं.

आता ग्रुपवर एकाने टाकलंय की हे सगळं आपल्या पूर्वजांना माहीत होतं, भास्कराचार्यांनी लिहून ठेवलंय. लिहिलंय, खरंच लिहिलंय. सिद्धांतशिरोमणी, ११५० सालचा ग्रंथ, त्यात गोलाध्यायात स्वयंवह यंत्र, म्हणजे आपोआप चालणारं यंत्र आहे. हलक्या लाकडाचं चाक, पोकळ आरे सारख्या अंतरावर, प्रत्येकात अर्धा पारा भरून तोंड बंद. दुसराही प्रकार आहे, चाकाच्या धावेला खाच पाडायची, तिच्यावर ताडाची पानं मेणाने चिकटवायची, मग एकीकडे पाणी आणि एकीकडे पारा. त्यांच्याही पाचशे वर्षं आधी ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये पाऱ्याचं चाक लिहिलंय. माझ्या छर्र्यांची आयडिया म्हणजे तीच, मला तेव्हा वाटलं होतं माझी आहे! युरोपात तेराव्या शतकात व्हिलार द ऑनकूर नावाच्या माणसाने वहीत हातोडे लावलेलं चाक काढलं, ते पण हेच. भास्कराचार्यांबद्दल माझ्या मनात इतका आदर आहे की चाळीसगावजवळ पाटणला मी मुद्दाम वाट वाकडी करून गेलोय, तिथे त्यांच्या नातवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासाला मठ काढल्याचा शिलालेख आहे. पण त्यांचं गणित थोर होतं म्हणून पारा वजनाचे नियम मोडेल असं नाही. छर्रा असो, पारा असो, पाणी असो, हिशेब तोच.

हे अजून सोपं करून एकाने दाखवलंय, सिमॉन स्टेव्हिन, १५८६ साली, हॉलंडात. आपल्या घराच्या छपरावर कल्पना करा. एका बाजूचा उतार लांब, पडवीपर्यंत खाली आलेला, दुसऱ्या बाजूचा आखूड आणि उभा. आढ्यावरून एक मण्यांची माळ टाकली आणि खालून तिची दोन्ही टोकं जोडून वर्तुळ केलं. लांब उतारावर मणी जास्त, म्हणजे वजन जास्त, मग माळ त्या बाजूला सरकायला पाहिजे ना? सरकली तर तिच्या जागी परत तेवढेच मणी येणार, म्हणजे परत सरकणार, म्हणजे माळ कायम फिरत राहणार. तो म्हणाला असं होत नाही हे तर उघड आहे, मग त्याचा अर्थ लांब उतारावरचे जास्त मणी आणि उभ्या उतारावरचे थोडे मणी बरोबर तुल्यबळ असले पाहिजेत. बघा म्हणजे, ‘हे होत नाही’ एवढ्यावरून त्याने उतारावरच्या वजनाचा नियम काढला. मला हे वाचलं तेव्हा मजा वाटली. मी मोटर जाळली, त्याने नियम काढला.

आता आपल्या मशीनकडे येतो. व्हिडिओत त्या माणसाने स्वतः सांगितलं की चाक २०० किलोचं, ८० सेंटिमीटर व्यासाचं, मिनिटाला ६०० फेरे. मी घरी येऊन हिशेब केला. इतक्या वेगात फिरणाऱ्या त्या चाकात साठलेली ऊर्जा साधारण ३१,६०० ज्यूल. मोठा आकडा वाटतो ना? आपल्या बिलावरचा १ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे ते दोनशे किलोचं धूड फिरत असताना त्यात एका युनिटचा शंभरावा भागसुद्धा नाही. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, तो पंप त्या चाकावर चालवला तर साडेआठ सेकंद चालेल. साडेआठ. पाणी फुटव्हॉल्व्हपासून वर येईपर्यंत चाक बसलेलं असेल. आणि हे मी घर्षण, पट्टा, बेअरिंग काही न धरता सांगतोय. धरलं तर मोटर शंभरातले ऐंशी देणार, अल्टरनेटर त्यातले परत ऐंशी टक्के, पट्टा आपला वाटा खाणार, शंभर घातले की साठ हातात. चाक मध्ये घातलं म्हणून साठाचे एकशेवीस होत नाहीत. चाकाचं काम धक्के सांभाळायचं, पिठाच्या गिरणीच्या डिझेल इंजिनला असतं ना तसं. ती तिजोरी आहे, त्यात जेवढं ठेवाल तेवढं मिळेल, व्याज नाही.

बरं मग बल्ब कसे पेटले? दहा बल्ब, नऊ-नऊ वॅटचे, मिळून ९० वॅट. ते त्या चाकावर काही न गमावता सहा मिनिटं पण चालले नसते. व्हिडिओत अकरा मिनिटं चालले, मी घड्याळ लावलं होतं. उरलेलं कुठून आलं? मशीनच्या बुडाशी तो काळा डबा होता बघा, तो म्हणाला ‘फक्त स्टार्टिंगला लागतो’. इन्व्हर्टर आहे तो, आणि त्याची वायर त्याने पूर्ण व्हिडिओत काढली नाही. घरी असते ती १२ व्होल्ट १५० ॲम्पिअर-अवरची बॅटरी धरली तर तिच्यात १.८ युनिट असतात, म्हणजे त्या अख्ख्या चाकाच्या दोनशे पट. ती अकरा मिनिटं काय, दुपारपर्यंत बल्ब आणि चाक दोन्ही चालवेल. तो माणूस खोटारडा आहे असं मी लिहीत नाहीये, कदाचित त्याला स्वतःलाच कळलेलं नसेल, मलाही कळलं नव्हतं. पण वायर लावलेली होती.

आणि ते मीटर दाखवलं, ‘आत ६ ॲम्पिअर, बाहेर १० ॲम्पिअर, बघा जास्त येतंय’. अहो, ॲम्पिअर म्हणजे पॉवर नव्हे. वेल्डिंगवाल्याचं मशीन आत १५ ॲम्पिअर घेतं आणि रॉडला १०० च्या वर देतं, म्हणून त्याला कोणी विनाइंधन म्हणत नाही, कारण तिकडे व्होल्ट उतरलेले असतात. शिवाय मोटरीचा पॉवर फॅक्टर असतो, म्हणजे व्होल्ट गुणिले ॲम्पिअर जे येतं त्यातला काही भागच खरी पॉवर असते, त्यामुळे क्लॅम्प मीटर पकडून ॲम्पिअर मोजले आणि व्होल्टने गुणले की काहीही सिद्ध करता येतं. मोजायचंच असेल तर दोन्ही बाजूंना युनिट मोजणारं मीटर लावा, घराबाहेर असतं तेच, त्याला फसवणं कठीण.

झाकण उघडायचं नाही आणि पैसे आधी, हे तर मी ऐकलं तेव्हाच माझे कान उभे राहिले. कारण ही अट नवीन नाही, तीनशे वर्षं जुनी आहे. जर्मनीत बेसलर नावाचा एक घड्याळजी होता, स्वतःला ऑर्फिरेयस म्हणवायचा. १७१७ मध्ये कासेलच्या राजाच्या वाड्यात त्याने बारा फुटी चाक बसवलं, खोलीला कुलूप, वर सील, आणि ५४ दिवसांनी उघडलं तरी चाक फिरतंय! लायडनचा एक मोठा प्रोफेसर येऊन बघून गेला आणि त्याने न्यूटनला पत्र लिहून कळवलं. बेसलरची अट एकच, आधी मोठी रक्कम, मग आत बघा. प्रोफेसर आसाच्या आसपास जास्त बारकाईने बघायला लागला तेव्हा साहेबांनी रागाने स्वतःच चाक फोडून टाकलं. पुढे १७२७ मध्ये त्याच्या घरच्या मोलकरणीने जबानी दिली की शेजारच्या खोलीतून चाक आम्ही फिरवायचो. तिच्या जबानीवर आजही वाद घालणारे लोक आहेत, घालू देत, पण चाक परत कोणी बांधून दाखवलं नाही.

दुसरा किस्सा तर आमच्या नाक्यावरच्या गजालीत शोभेल असा. अमेरिकेत रेडहेफर, १८१२-१३ चा काळ, तिकीट लावून मशीन दाखवायचा. न्यूयॉर्कला ते बघायला रॉबर्ट फुल्टन आला, आगबोटवाला फुल्टन, मशीनीत आयुष्य गेलेला माणूस. त्याने चाकाचा आवाज ऐकला आणि त्याला कळलं की गती सारखी नाहीये, मध्येच वाढतेय, मध्येच कमी होतेय, जशी हाताने हँडल मारताना होते. त्याने बाजूच्या फळ्या उचकटल्या, आत तातीचा पट्टा, तो भिंतीतून वर गेलेला, आणि माळ्यावर दाढी वाढलेला एक म्हातारा एका हाताने हँडल फिरवतोय, दुसऱ्या हातात पावाचा तुकडा. मला हा म्हातारा फार जवळचा वाटतो. त्याला दिवसाला काय मिळत असेल कोण जाणे, पण त्या अख्ख्या जागेत खरं काम करणारा तेवढाच एक होता.

फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने तर १७७५ मध्ये ठरावच केला की असल्या मशीनचे प्रस्ताव आम्ही यापुढे तपासणार नाही. तेव्हा ऊर्जा नव्याने तयार होत नाही, फक्त रूप बदलते हा नियम म्हणून काही लिहिलेलाही नव्हता, तो मायर, ज्यूल, हेल्महोल्ट्झ यांनी १८४० च्या दशकात बसवला, ज्यूलने तर वजनं खाली सोडून पाण्यात पंखे फिरवले आणि पाणी किती गरम होतं ते मोजलं. अकादमीवाले त्याच्या आधीच कंटाळले होते.

‘पेटंटला अर्ज केलाय’ या वाक्यावर पण बऱ्याच जणांचा विश्वास बसला. अर्ज कोणीही करू शकतो, फी भरली की नंबर मिळतो, अठरा महिन्यांनी तो छापूनही येतो. पेटंट मिळणं वेगळं. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३(अ) आहे, निसर्गाच्या सिद्ध झालेल्या नियमांच्या उघड विरुद्ध दावा करणारी गोष्ट शोधच मानली जात नाही. त्यांना मिळालेलं पेटंट दाखवा म्हणावं, अर्जाची पावती नको.

आता आपलेच काही प्रश्न, मीटिंगनंतर बाहेर चपला घालताना झालेले.

एक मोठे काका म्हणाले, ग्रॅव्हिटी तर फुकट आहे ना. फुकट आहे, पण उतारालाच. फोंडाघाट उतरताना इंजिन बंद केलं तरी गाडी खाली येते (करू नका असं, ब्रेक राहत नाही), म्हणून कोणी कोल्हापूरला फुकट जाऊन येत नाही. आपल्याच टाकीचं घ्या. २०,००० लिटर पाणी ६० मीटर चढवायला कागदावर ३.२७ युनिट लागतात, आपला पंप प्रत्यक्षात ७ च्या आसपास खातो, मी मीटर बघितलाय. तेच पाणी परत विहिरीत सोडून टर्बाइन फिरवलं तर फार तर दोनेक युनिट हाती येतील. सात घालून दोन.

त्यावर दुसरा म्हणाला, मग सरकार कसं करतं, घाटघरला तर पाणी वर चढवतात आणि खाली सोडतात. बरोब्बर, हा प्रश्न मला आवडला. घाटघर उदंचन प्रकल्प, २५० मेगावॉट, २००८ पासून चालू, वरचं धरण घाटमाथ्यावर आणि खालचं शहापूर तालुक्यात म्हणजे कोकणच्या अंगाला. पण तिथे पाणी चढवायला जेवढी वीज जाते त्यापेक्षा कमीच परत मिळते, आणि हे बांधणाऱ्यांना पक्कं माहीत आहे. रात्री विजेला गिऱ्हाईक नसतं तेव्हा चढवायचं, संध्याकाळी सगळ्यांचे पंखे-टीव्ही लागले की सोडायचं. ते वीज तयार करत नाहीत, वेळ बदलून देतात. आंबे स्वस्त असताना आमरसाचे डबे भरून ठेवण्यासारखं, डब्यात आंबे वाढत नाहीत.

आणि तिसरा, जो आपल्याकडे येणारच: समुद्र कधी थांबतो का? रोज दोन भरत्या, दोन ओहोट्या, उधाण, भांग, कोणी डिझेल घालतंय? नाही, पण ओढणारे आहेत. चंद्र ओढतो, पृथ्वी फिरते, आणि त्या पाण्याच्या घासण्याने पृथ्वीचं फिरणं मंदावतंय, शंभर वर्षांत दिवस साधारण सेकंदाच्या हजार भागांतल्या दोन भागांनी लांबतो. चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातोय, ते अंतर १९६९ पासून अंतराळवीरांनी ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून मोजतात. म्हणजे खाडीत जी भरती चढते तिचं बिल पृथ्वी भरते. तिजोरी इतकी मोठी आहे की आपल्या दहा हजार पिढ्यांना कळणार नाही, एवढंच. फ्रान्समध्ये ला रान्सला १९६६ पासून भरतीवर २४० मेगावॉटचं केंद्र चालतंय, तिथे पाणी चढतं-उतरतं भरपूर. आपल्याकडे फरक दोन-अडीच मीटर, त्यात गावच्या पंपासाठी कोणी पडू नये.

मग एकाने व्हॉयेजर यान काढलं, १९७७ पासून इंजिनाशिवाय चाललंय म्हणून. चालू दे की. तिथे अडवायला काही नाही म्हणून चाललंय. नुसतं फिरत राहणं वेगळं आणि फिरता फिरता आपला पंप ओढणं वेगळं. त्याला पंप लावा, मग बघू किती चालतं.

खरं सांगायचं तर ‘आपोआप’ चालणाऱ्या वस्तू जगात आहेत, आणि त्या सुंदर आहेत. न्यूझीलंडमध्ये डनेडिनला एक घड्याळ आहे, १८६४ सालचं, त्याला कोणी चावी देत नाही. दिवसा हवा तापते, रात्री थंड होते, डब्यातली हवा फुगते-आकसते, त्याने वजन वर चढतं आणि घड्याळ चालतं. हवामान फारच सारखं राहिलं तर ते थांबलेलंही आहे. फिरवणारा तिथेही आहे, सूर्य आहे, दिसत नाही एवढंच. त्या घड्याळाच्या ताकदीवर मात्र पाणी चढत नाही.

आणि गरम समुद्रातली उष्णता काढून ट्रॉलर चालवू असं म्हणणारेही भेटतात. नुसती उष्णता असून भागत नाही, ती वाहायला बाजूला थंड काहीतरी लागतं, जसं पाणी वाहायला उतार लागतो. लक्षद्वीपला कवरत्तीत २००५ पासून वरचं गरम आणि खोलातलं थंड पाणी वापरून खाऱ्याचं गोडं पाणी करतात, पण तिथे किनाऱ्यालगतच समुद्र खोल आहे, आणि पंपांना वीज तरीही लागते. आपल्याकडे तेवढी खोली गाठायला किती लांब जावं लागेल ते खलाशांना विचारा.

तर माझी मागणी. मशीन नको असं मी म्हणत नाही, एक पैसा देण्याआधी ते देवळासमोर आणा म्हणतो. दोन बाकांवर ठेवायचं, खालून आरपार दिसलं पाहिजे. चालू करा पाहिजे तर बॅटरीवर, हरकत नाही, पण चालू झालं की बॅटरी आणि प्रत्येक वायर काढून शाळेच्या व्हरांड्यात नेऊन ठेवायची. मग त्याला आपला ५ एचपीचा पंप जोडायचा, बल्ब नाही, पंप, आणि सकाळच्या भरतीपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या भरतीपर्यंत चालवायचं. पंप मी आणून जोडतो, मजुरी नको. चाललं तर मी स्वतः सगळ्यांसमोर नारळ देऊन माफी मागेन आणि वर माझ्याकडून पाच हजार वर्गणी देईन, शिवाय धंदा बंद करायची तयारी ठेवेन, त्याची चिंता करू नका. मशीनवाले म्हणतील गुपित फुटेल. आम्ही झाकण उघडा म्हणतच नाही, फक्त वायर काढा म्हणतोय.

सौर पंपाचं विचारलं होतं ते थोडक्यात सांगतो. एका किलोवॅटच्या पॅनेलला दिवसाला चार युनिट धरा, पावसाळ्यात निम्मं, आणि पावसाळ्यात आपल्याला पाणी चढवायची घाई नसतेच. त्याचा वेगळा हिशेब काढून ग्रुपवर टाकतो.

आणि टाकीचं. मी परवा रात्री दहाला सगळे व्हॉल्व्ह बंद करून टाकीत काठी उभी करून खूण केली, पहाटे पाचला परत गेलो तर पाणी काठीवर एक वीत खाली होतं, चार हजार लिटरच्या आसपास. म्हणजे रोज चढवलेल्या पाण्यातला पाचवा हिस्सा नुसत्या रात्रीच्या सात तासांतच फणसाकडच्या भिंतीच्या भेगेतून जातोय, तिथे बुंध्याला बाराही महिने ओल आहे, जाऊन हात लावून बघा. ज्या बिलासाठी मशीन आणताय त्यातले रोज रात्रीचेच दीडेक युनिट तिथे मुरतात. गवंड्याचा अंदाज माझ्याकडे आलाय, ३८ हजार, प्लास्टर आणि आतून वॉटरप्रूफिंग धरून, पण तो म्हणतो शिमग्यानंतर त्याला वेळ नाही, त्याच्या आत सांगा. खजिनदार दादांना कागद पाठवलाय, बघितला नसेल तर परत पाठवतो.

आपला,
गावातला मोटर भरणारा
(रविवारी सकाळी घरीच आहे, पंप घेऊन यायला टेम्पो लागेल, कोणाचा रिकामा असेल तर कळवा)